दोनशे सोळा डाया, पन्नास केबी

रविवार, ७ डिसेंबर. ठिकाण वाणगाव, बाजारामागचं आमचं घर, पुढची खोली. वेळ सकाळचे अकरा. हजर: बाबा, दादा, वहिनी आणि मी. विषय: बाबांना डायांचे फोटो दाखवणे.

असं लिहायची मला सवय आहे. तलासरीच्या एका शाळेच्या कार्यालयात मी काम करते. सभेचे अहवाल, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सगळं माझ्याकडे. घरचं काम असलं तरी मी वहीत ओळ लिहिते, तिच्यापुढे चौकोन काढते आणि काम झालं की चौकोनात खूण करते. त्या रविवारच्या ओळीपुढे खूण आहे. फोटो दाखवून झाले होते, म्हणून केली.

बाबांनी पन्नास वर्षं डाया कोरल्या. डाय म्हणजे दागिन्याचा साचा. तळहातात मावेल एवढा पोलादी ठोकळा आणि त्याच्या वरच्या तोंडावर उलटी, खोल नक्षी. त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की नक्षी पत्र्यावर उठते. कानातलं, पदक, बांगडीवरचं फूल, काहीही. आमच्या बाजूला घरोघरी हे काम चालतं. बाहेरचा माणूस विचारतो, म्हणजे तुम्ही दागिने करता का? नाही. दागिने दुसरीकडे होतात. आमच्याकडे लोखंडात खड्डा होतो.

फूल कोणीही काढेल, असं बाबांचं म्हणणं. कारागीर ओळखायचा तो पाकळीच्या आतल्या रेघांवरून. त्यांच्या पाकळीत सात रेघा असायच्या, केसाएवढ्या बारीक. त्या भिंगातून बघायच्या किंवा नखाने मोजायच्या. अंगठ्याचं नख पाकळीवरून आडवं नेलं की ते सात वेळा अडखळतं. सहा वेळा अडखळलं तर डाय दुसऱ्या कोणाची तरी.

मग मोतीबिंदू वाढला आणि सहा वर्षांपूर्वी त्यांनी छिन्नी खाली ठेवली. ऑपरेशनला तयार नव्हते. "आता बघायचं काय राहिलंय," म्हणायचे. दादा तोवर कॉम्प्युटरवर डिझाइन करून मशिनवर डाया काढायला लागला होता.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याचं दुसरं, मोठं मशीन यायचं होतं. पुढच्या खोलीत भिंतीला लागून लोखंडी मांडणी होती. तिच्यावर बाबांच्या डाया: न विकलेल्या, गिऱ्हाइकाने परत केलेल्या, मुद्दाम ठेवून घेतलेल्या. मांडणी हलल्याशिवाय मशीन आत जाणार नव्हतं. शिवाय खारी हवा, गंज धरत होता. डाया भंगारात द्यायच्या का असं दादाने विचारलं तेव्हा बाबांनी दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "न्या. पण आधी फोटो काढा. रेघ दिसली पाहिजे."

दादा म्हणाला, "काढतो ना."

"तू नको. तू घाईत असतोस. बाय काढेल."

बाय म्हणजे मी.

मी तीन दिवस धरले. पहिल्या दिवशी प्रत्येक डायला रंगाने नंबर दिला, एक ते दोनशे सोळा. वहीत रकाने पाडले: नंबर, नक्षी, लांबी, रुंदी, तडा किंवा गंज असल्यास, फोटो. एका डायचे चार फोटो, एक समोरून, एक बाजूने, एक जवळून, एक पाठीमागून. खिडकीजवळ पांढरी चादर अंथरली. वहिनी डाया पुसून आणून द्यायची, मी फोटो काढायची, बाबा खुर्चीत बसून माझी झालेली डाय मागून घ्यायचे. तिच्यावरून नख फिरवायचे आणि खाली ठेवायचे.

आत दादा फोनवर कोणा गिऱ्हाइकाशी बोलत होता. "अरे भाई, डिझाइन फोटो म्हणून नको पाठवू, डॉक्युमेंट करून टाक. फोटो म्हणून टाकलं की तो आपोआप लहान होतो, सगळं पुसून येतं." हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा तरी म्हणतो. आमच्या धंद्यात ते राम-रामसारखं झालंय. मी ते ऐकलं, म्हणजे कानावर पडलं.

पहिल्या दिवसाचे बारा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले. मुंबईहून भाचीने अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोनने सांगितलं, जागा संपली. माझा फोन कायम भरलेला असतो, त्यात शाळा असते. शिष्यवृत्तीच्या अर्जाला फोटो लागतो तो पन्नास केबीच्या आत, सही वीसच्या आत. एक केबी जास्त झालं तरी अर्ज पुढे सरकत नाही. झरीकडच्या पाड्यांवरून, अच्छाडच्या हायवेवर ज्यांचे आई-बाप ढाब्यांवर कामाला आहेत तिथून, मुलांचे फोटो माझ्या फोनवर येतात. कोणी भिंतीपुढे, कोणी गोठ्यापुढे, एकेक चार चार एमबीचा. ते लहान करायला माझ्याकडे एक ॲप आहे. फोल्डर निवडायचा, "५०" लिहायचं, बटण दाबायचं. खाली एक छोटा चौकोन आहे, "मूळ फोटो काढून टाका". त्यात खूण कायम असते. तीनशे मुलांचे मूळ फोटो ठेवून मी काय करणार?

मी डायांचा फोल्डर निवडला. पन्नास लिहिलं. बटण दाबलं. फोनच्या कचऱ्याच्या डब्यात जे जमलं तेही रिकामं केलं, कारण त्याशिवाय जागा होत नाही.

वहिनी चहा घेऊन आली. "काय झालं ताई, थांबलात का?"

"फोन भरला होता. आता झालं रिकामं."

"फोटो गेले नाहीत ना?"

"आहेत सगळे. फक्त हलके केले."

तिने माझ्या फोनवर एक-दोन पाहिले. फोनच्या काचेवर ते छान दिसत होते. फूल फुलासारखं, मोर मोरासारखा. मी पण पाहिले, पण बोटांनी मोठे करून नाही पाहिले. अर्जाचा फोटो कोणी मोठा करून बघत नाही, चेहरा ओळखू आला की पुरे. तिसऱ्या दिवशी उरलेले काढले आणि तेही तसेच लहान केले. आठशे चौसष्ट फोटो, सगळे मिळून त्रेचाळीस एमबी. वहीत हा आकडा मी लाल पेनने लिहिला आहे, चांगल्या कामाचे आकडे मी लाल पेनने लिहिते.

चौथ्या दिवशी अच्छाडच्या पलीकडून भंगारवाले शेठ टेम्पो घेऊन आले. त्यांना एका डायवरचा मोर दाखवला तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बेन, सारुं छे, छान आहे, पण मला तर वजन बघायचं." डाया गोणीत गेल्या. टेम्पो वळेपर्यंत बाबा ओट्यावर उभे होते. मग आत येऊन जेवायला बसले. मी यादीतल्या शेवटच्या ओळीपुढे खूण केली.

त्याच आठवड्यात बाबा आपणहून म्हणाले, "ऑपरेशन करून टाकू. उजव्या डोळ्याचं. फोटो बघायचे तर डोळा पाहिजे ना."

उजवा म्हणजे भिंगाचा डोळा. नोव्हेंबरात डहाणूला ऑपरेशन झालं. थेंब दिवसातून चार वेळा. त्याचा तक्ता मीच करून वहिनीच्या फ्रिजवर लावला होता. पट्टी निघाल्यावर नवा चष्मा आला. बाबांनी तो घालून आधी स्वतःचे अंगठे पाहिले, मग वहिनीला म्हणाले, "तुझे केस पिकले गं."

"सहा वर्षं झाली बाबा."

"कोणी सांगितलं नाही मला."

तर, ७ डिसेंबर. दादाने माझा फोन टीव्हीला जोडला. नवा टीव्ही, भिंतीएवढा. बाबांची खुर्ची पुढे ओढली. वहिनी पापडीच्या शेंगा सोलायला घेऊन बसली. मी वही उघडली आणि नंबर एक लावला.

पडद्यावर एक फूल आलं. खरं म्हणजे फुलाच्या आकाराचा एक करडा डाग आला. कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या, मधे धुकट. मी दुसरा लावला, जवळून काढलेला. तो आणखी वाईट होता. लहान लहान चौकोन दिसत होते आणि काही नाही.

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"पुढचा लाव."

पुढचा लावला.

"मोठी कर पाकळी."

मी मोठी केली. पाकळी म्हणजे सहा-सात चौकोन झाले.

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. त्याचं अख्खं काम ह्यात जातं, त्याला कळणारच. वहिनीचा हात शेंगेवर थांबला होता. मला आठवतं की मला काहीच वाटत नव्हतं. मी वहीत बघून नंबर सांगत होते. नंबर नऊ, मोर. नंबर दहा, कोयरी. दहाच्या पुढे बाबा म्हणाले, "राहू दे."

मग चष्मा काढून म्हणाले, "ऑपरेशन बिघडलं वाटतं."

मी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं: बाबा, डोळा बरा आहे, फोटो खराब आहेत. एवढंच. मी टीव्हीची वायर काढली, गुंडाळली, तिला रबर लावलं.

"डॉक्टरकडे बुधवारी नेते," मी म्हटलं. आणि वहीत लिहिलं: बुधवार, डहाणू, डोळे तपासणी.

बाहेर ओट्यावर दादाने गाठलं. "केवढे ठेवलेस?"

"पन्नास केबी."

"मूळ?"

"नाहीत."

तो हसला, पण वाईट हसला. "मी सगळ्या जगाला ओरडून सांगतो डॉक्युमेंट करून टाक म्हणून. आणि आपल्या घरात बायने डायांचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला."

"ग्रुपवर बारा टाकले होते."

आम्ही तिथेच उभं राहून ग्रुपवरचे बारा उघडले. ते माझ्या फोनमधल्यांपेक्षा बरे होते. पाकळीची कड दिसत होती. रेघा नव्हत्या. दादाने शेठना फोन लावला. ते म्हणाले, दिवाळीचा माल भट्टीत केव्हाच गेला. दादाने विचारलं, एखादी तरी राहिली असेल? ते म्हणाले, "भाई, त्यात एखादी असं काही नसतं. सगळं एकच लोखंड."

"बाबांना सांग," दादा म्हणाला.

"सांगते."

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. डहाणूला डॉक्टरांकडे अकराचा नंबर होता. बाबांनी तक्ता वाचायला घेतला. वरचं मोठं अक्षर, मग लहान, मग त्याहून लहान. शेवटच्या ओळीपर्यंत गेले, एकही चुकलं नाही. डॉक्टरांनी डोळ्यात प्रकाश टाकून पाहिलं आणि म्हणाले, "आजोबा, आता सुईत दोरा ओवा."

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. मला थेंबाची चिठ्ठी घ्यायची होती, पण बाबांनी माझी पिशवी धरून ठेवली होती.

"शेवटची ओळ वाचली मी," ते म्हणाले.

"हो."

"मुंगीएवढी अक्षरं. मग रेघ का नाही दिसली?"

"बाबा, फोटोत रेघ नाही आहे."

मी सगळं सांगितलं, आमच्या कार्यालयात एखाद्या पालकाला अर्ज का परत आला ते सांगते तसं. फोनमधली जागा संपली. मी फोटो लहान केले. मूळचे पुसले.

"लहान म्हणजे? फूल तर टीव्हीभर होतं."

"आकार तेवढाच दिसतो. आतलं वजन कमी केलं."

"फोटोला वजन असतं?"

"असतं."

"किती ठेवलंस?"

"ऐंशीतला एक भाग."

बाबांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. चिकूच्या पेट्या लादलेला एक टेम्पो उलटा वळत होता, ड्रायव्हर मान बाहेर काढून मागे बघत होता.

"बाकीचे एकोणऐंशी कुठे जातात?"

"कुठेच जात नाहीत. नसतात मग."

"शेठपण वजनावर घेऊन गेला," ते म्हणाले. "तूपण वजनच बघितलंस."

ते चिडून म्हणाले नाहीत. हिशोब जुळवावा तसं म्हणाले. मी चिठ्ठी घ्यायला आत गेले. परत आले तेव्हा ते स्वतःच्या अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताच्या बोटांवरून फिरवत होते. मला बघून म्हणाले, "रविवारी का नाही सांगितलंस? चार दिवस मी थेंब जास्त घातले."

मी चिठ्ठी घडी करून वहीत ठेवली.

घरी आलो तर वहिनीने आमचे चेहरे पाहिले. दादाने तिला सांगितलं असणार. ती आत गेली आणि हातात काहीतरी काळं घेऊन आली. सुक्या बोंबलांच्या डब्याच्या झाकणावर, मांजराने ढकलू नये म्हणून एक लोखंड ठेवलेलं असायचं. ते लोखंड.

"बाबा, ही तुमचीच ना?"

ती डाय होती. पोलाद तापवून त्याला पाणी देताना कोपऱ्यात तडा गेलेली, म्हणून गिऱ्हाइकाकडे न गेलेली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून ती स्वयंपाकघरात होती. मी मांडणीवरच्या डायांना नंबर दिले होते. ही मांडणीवर नव्हती, म्हणून यादीत नव्हती.

"वास मारतो तिला," दादा म्हणाला.

"मारू दे."

बाबांनी ती रॉकेलने धुवायला लावली, मग जुन्या टूथब्रशने घासायला लावली. खिडकीशी नेली. चष्म्यावर भिंग धरलं. आम्ही तिघं उभे होतो. नख पाकळीवरून गेलं. बाबांचे ओठ हलत होते, आकडे ऐकू येत नव्हते, पण शेवटचा आला.

"सात."

मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी पाहिलं. सात होत्या. मी लहानपणानंतर त्या पाहिल्याच नव्हत्या. रंगाने नंबर टाकला, लांबी-रुंदी मोजली, आठशे चौसष्ट फोटो काढले, पण भिंगातून एकही पाहिली नव्हती.

"हिचा काढ," बाबा म्हणाले. "पण असा भर दुपारचा नको. दुपारी ऊन वरून पडतं, रेघ भरून जाते. सकाळी आडवं ऊन येतं ह्या खिडकीत. आठच्या सुमाराला. तेव्हा प्रत्येक रेघेची सावली पडते."

"आणि डॉक्युमेंट करून पाठव मला," दादा म्हणाला. "मी दुसरीकडे ठेवतो. दोन ठिकाणी पाहिजे."

त्या संध्याकाळी तलासरीला परत आल्यावर मी फोनमध्ये तीन फोल्डर केले. "मूळ": ह्याला हात लावायचा नाही. "पाठवायचे": ह्यात प्रत काढून लहान केलेले, ग्रुपवर जायला. "फॉर्म": पन्नास केबीचे, फक्त शाळेचे. ॲपमधल्या त्या छोट्या चौकोनातली खूण काढून टाकली. इतर कारकुनांनाही सांगितलं, आधी प्रत काढा, मग लहान करा. एकीने विचारलं, "का हो बाई, काही झालं का?" मी म्हटलं, "नाही. शिस्त असावी."

"मूळ" फोल्डर रिकामा आहे.

पुढच्या रविवारी मी स्कूटरने निघाले, वाणगावला पोचेपर्यंत साडेनऊ झाले, ऊन खिडकीवरून सरकलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी ढग होते. आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम केला तर सकाळ मिळेल, पण अर्जांची मुदत शनिवारीच संपत होती आणि फोन परत भरला होता. जागा करायची म्हणून डायांचे आठशे चौसष्ट फोटो पुसायला घेतले. सगळे निवडले. फोनने विचारलं, पुसू का? सगळे पुसले असते तर त्रेचाळीस एमबी मोकळे झाले असते, म्हणजे एका चांगल्या फोटोच्या दहापट. पुष्कळ झालं असतं. मी "नाही" दाबलं आणि फोन ठेवला.

बाबांनी विचारलेलं नाही. डाय त्यांनी खिडकीच्या पट्टीवर ठेवली आहे, तोंड पूर्वेकडे करून. वहिनी सांगते, सकाळी आठला ते तिथे खुर्ची घेऊन बसतात आणि ऊन गेलं की उठतात. बोंबलांच्या डब्यावर आता वाटीत पाणी भरून ठेवलंय, मांजराने दोनदा पाडलं.

ओळ मी वहीत लिहिली आहे. प्रत्येक आठवड्याच्या नव्या पानावर उतरवून घेते, आतापर्यंत तीनदा उतरवली. डाय क्रमांक २१७. वाणगाव, पुढची खोली, सकाळी आठ, आडवं ऊन. मूळ आकार, लहान करू नये. दादाला डॉक्युमेंट करून पाठवणे.

पुढचा चौकोन रिकामा आहे.